दहावा उंडा

जानेफळचे माझे साडू पक्के शेतकरी. मी सुट्टीवर आलो की त्यांचा प्रश्न ठरलेला. "तुमी तिकडे बॉर्डरवर नेमकं करता काय?" मी सांगायचो, "प्रार्थना करतो." ते थोडा वेळ सुपारी चघळायचे आणि म्हणायचे, "ते तं घरी बसून बी होते. त्याच्यासाठी सरकारनं एवढ्या दूर कायले नेलं?"

बावीस वर्षं मला याचं धड उत्तर देता आलं नाही. आता निवृत्त होऊन चिखलीत राहतो, आणि या अंकाच्या संपादकांनी मागितलंय 'फौजेतलं काहीतरी थरारक'. मी फौजेत एकही गोळी झाडली नाही. माझ्याजवळ थरारक असं एकच आहे, आणि ते शौर्याचं नाही. ते माझ्या पोटदुखीचं आहे. पोटदुखी म्हणजे दुसऱ्याचं चांगलं पाहून होते ती.

आधी कामाचं सांगतो, कारण ते फार कमी लोकांना माहीत असतं. फौजेत धर्मगुरू असतात. पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री. मी पाद्री. आमची भरती थेट नायब सुभेदार म्हणून होते. साधा जवान पंधरा-वीस वर्षं घासतो तेव्हा कुठे त्याच्या खांद्यावर तो तारा येतो, आणि आम्ही शास्त्राची परीक्षा देऊन, थोडी कवायत शिकून पहिल्याच दिवशी 'साहब' होतो. त्यामुळे जुने हवालदार आम्हाला सलाम करतात, पण त्या सलामात मीठ जरा कमी असतं.

नवा जवान शपथ घेतो तेव्हा त्याच्यापुढे त्याचा धर्मग्रंथ धरून उभं राहायचं. रविवारी उपासना घ्यायची. तिलाही फौजेत 'मंदिर परेड'च म्हणतात, आणि मंदिर, गुरुद्वारा, चर्च बऱ्याच तळांवर एकाच पत्र्याखाली असतात, मध्ये फार तर एक पडदा. इस्पितळात पडलेल्यांच्या उशाशी बसायचं. कोणाच्या घरून वाईट बातमी आली की ती त्याला सांगायची. हे काम इतक्या वेळा केलं की मी अवेळी बराकीत शिरलो की गप्पा बंद व्हायच्या आणि जो तो मनात आपल्या म्हाताऱ्या आईबापांची आठवण काढायचा. पंडितजी सुट्टीवर गेले की आरती मी म्हणायची, आणि मी नसलो की नाताळचा शास्त्रपाठ पंडितजींनी वाचायचा. आमचे पंडितजी तो इतक्या ठसक्यात वाचत की ऐकणाऱ्याला वाटावं, बेथलेहेम त्यांच्या सासुरवाडीजवळच असेल.

गिऱ्हाईकंही तऱ्हेतऱ्हेची यायची. एक जण सुट्टीच्या अर्जावर हात ठेवून आशीर्वाद मागायचा. एकाला बायकोचा राग शांत होण्यासाठी प्रार्थना हवी होती, पण राग कशाचा ते सांगायला तयार नव्हता. एक कर्नल साहेब तर दर पंधरवड्याला निरोप पाठवायचे, "पाद्री साहब, परसों आसमान साफ चाहिए, हेलिकॉप्टर आना है." ऊन निघालं तर श्रेय हवामान खात्याला जायचं. ढग आले की सगळे माझ्याकडे पाहायचे.

हे सगळं मी नीट केलं. माझ्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण जीव लावावा असा पाद्रीही मी कोणाला वाटलो नाही. तो मान एका लांगऱ्याने नेला.

लांगरी म्हणजे फौजेतला स्वयंपाकी, आणि लंगर म्हणजे त्याचं स्वयंपाकघर. उत्तरेकडच्या बर्फातल्या एका तळावर माझी नेमणूक झाली. पलटणीत ख्रिस्ती जवान बरेच होते, मिझोरामचे, झारखंडचे, केरळचे. मराठी म्हणाल तर मी आणि लंगरातला नाईक शलमोन तायडे, दोघंच. तायडे आपल्याच जिल्ह्यातला, सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्याचा. मी पोचलो त्या दिवशीच चहाचा मग हातात देत म्हणाला, "साहेब, तुमी चिखलीचे, मी सोनाळ्याचा. म्हंजे आपून गाववालेच झालो."

चिखली आणि सोनाळा ही जिल्ह्याची दोन टोकं. शिवाय मी पदवीधर, तो आठवी. 'गाववाले' मला आवडलं नाही. पण चहा चांगला होता, म्हणून काही बोललो नाही.

गस्तीची तुकडी तळावरून निघायची तेव्हा तिला निरोप द्यायचं काम माझं होतं. पांढरा झगा घालून, हातात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन मी उभा राहायचो. जवान टोप्या काढायचे. मी एक स्तोत्र वाचायचो, मग स्वच्छ, शुद्ध हिंदीत प्रार्थना करायचो. ती मी आदल्या दिवशी लिहून पाठ केलेली असायची. आवाज माझा चांगला आहे, हे आजही चिखलीच्या ख्रिस्ती मंडळीत लोक कबूल करतात.

तिसऱ्या-चौथ्या गस्तीला माझ्या लक्षात आलं की प्रार्थना चालू असताना जवानांच्या माना खाली असतात, पण नजर लंगराकडे असते. 'आमेन' झालं की निघण्याआधी एकेक जण लंगराच्या ताडपत्रीत डोकं घालायचा आणि विचारायचा, "मेरा रखा?" आतून आवाज यायचा, "रखा रे बाबा, जा." मग तो माणूस हसत निघायचा. माझ्या प्रार्थनेनंतर असं कोणी हसलेलं मी पाहिलं नव्हतं.

प्रकार असा होता. गस्तीचं जेवण बांधून झालं की तायडे उरलेल्या कणकेचे उंडे करायचा, म्हणजे पोळीसाठी हातावर वळतात ते गोळे. जितके जवान, तितके उंडे. एकेक उंडा परातीत ठेवायचा आणि ज्याच्यासाठी ठेवला त्याचं नाव देवाला सांगायचा. वरून ओलं फडकं झाकायचा. थंडीत कणीक दोन-दोन दिवस टिकते, फक्त गोठू द्यायची नाही, म्हणून परात भट्टीपासून बेताच्या अंतरावर. तुकडी परत आली की त्याच उंड्यांच्या गरम पोळ्या करून ज्याची त्याला वाढायचा. माणूस परत आल्याशिवाय त्याचा उंडा मोडायचा नाही. त्याची आई असं करायची म्हणे, बाप मोळीला जंगलात जायचा तेव्हा.

मी ताडपत्रीआड उभा राहून त्याची प्रार्थना ऐकली. एकदा नव्हे, दर वेळी ऐकली. ती अस्सल वऱ्हाडीत असायची. "देवबापा, हा टोप्पो. याचा बाप तिकडे बिमार हाय, याच्या डोक्यात तेच घुमून राह्यलं. याले वाटेवर ध्यान देजो. आन् हा थॉमस हवालदार. हा तापट हाय, पर मनाचा चांगला हाय, तुले माहीतच हाय. याले राग येऊ देऊ नको." बस, एवढंच.

त्या लंगरासमोर उभ्या असलेल्या मिझो, मल्याळी, पंजाबी पोरांना यातलं एक अक्षर कळत नव्हतं. त्या अख्ख्या डोंगरावर ती प्रार्थना समजणारा मी एकटा होतो. आणि माझी हिंदी सगळ्यांना समजत होती. तरी ते थांबायचे त्याच्याकडे. माझ्या पोटात दुखायला लागलं ते इथून.

मी सुधारणा करून पाहिली. मीही नावं घ्यायची ठरवली. कारकुनाकडून यादी आणली आणि झग्याच्या खिशात ठेवली. प्रार्थनेच्या मध्यावर यादी काढली, आणि वाऱ्याने ती दरीत नेली. डोळे मिटलेले असल्याने कोणी पाहिलं नाही असं मला वाटलं. पण 'आमेन'नंतर दोघं-तिघं खोकत होते, आणि तो खोकला थंडीचा नव्हता.

शेवटी एका सकाळी सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, स्वतः निरोपाला आले. माझी प्रार्थना झाली. साहेबांनी छान म्हटलं. आणि जाता जाता सुभेदार मेजरना सहज विचारलं, "तायडे ने रख दिया न सबका?"

त्या दिवशी मी जेवलो नाही. एका पलटणीच्या देवाधर्माचा अधिकृत माणूस मी, आणि चौकशी होते कणकेच्या गोळ्यांची. चौथ्या दिवशी मी सुभेदार मेजरकडे गेलो. त्यांना म्हणालो की हा टोटका आहे, ख्रिस्ती विश्वासात याला जागा नाही. धार्मिक विधी धर्मस्थळात व्हावा आणि धर्मगुरूने करावा, लंगरात नको. नियमाने माझं बोलणं बरोबर होतं. सुभेदार मेजर म्हातारा, मुरलेला माणूस. मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "पाद्री साहब, किसी का नुकसान तो नहीं हो रहा." मी म्हणालो, "श्रद्धा का हो रहा है." असं वाक्य माझ्या तोंडून निघालं, याची मला आजही शरम वाटते. त्याने उसासा टाकला आणि हुकूम दिला.

तो हुकूम तायडेला सांगायला मी स्वतः गेलो. खरं सांगायचं तर मला त्याचं तोंड पाहायचं होतं.

तो कांदे चिरत होता. त्याने ऐकून घेतलं, हात पुसले. "बरं साहेब," म्हणाला. मग सुरी उचलता उचलता, "मंग नावं कोण घेईन?"

"मी घेईन."

"हाव. तुमचंच काम हाय ते. मी पोळीचा माणूस." आणि तो मला एकेकाचं सांगायला लागला. मनात एवढीशी अढी न ठेवता. "टोप्पोचा बाप बिमार हाय, त्याले झोप येत नाही. लालमाविया, थो मिझो पोरगा, त्याचा डावा गुडघा गेला हाय मांगं एका गस्तीत. डॉक्टरले सांगत नाही, खाली धाडतीन म्हून. म्या हवालदार साहेबाले सांगत असतो, याले मंधात चालवा, वझं कमी द्या. लिहून घ्या साहेब, नाही तं इसरून जासान."

"माझ्या लक्षात राहील," मी म्हणालो. मी लिहून घेतलं नाही. लांगऱ्याने सांगावं आणि पाद्रीने वहीत टिपून घ्यावं, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

पुढची गस्त नऊ जणांची होती. हवालदार थॉमस, टोप्पो, लालमाविया आणि आणखी सहा. लंगरात डोकी घातली गेली आणि रिकामी बाहेर आली. माझी प्रार्थना त्या दिवशी फार चांगली झाली. कोणाची नजर लंगराकडे नव्हती. कोणाची नजर माझ्याकडेही नव्हती. ते आपापल्या बुटांकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत ते परत यायचे होते. सकाळी दहाला हवा फिरली. अकराला वायरलेस बंद पडला. दोन वाजले तरी कोणी दिसेना. समोरचा कडाच दिसत नव्हता, तर माणसं कुठून दिसणार. शोधाला तुकडी काढायची तर तिलाही वाट दिसली पाहिजे, म्हणून सगळे थांबले होते. चहा घेऊन येणारा जवान चहा ठेवून माझ्याकडे न पाहता निघून गेला.

मी धर्मस्थळात गेलो, गुडघे टेकले. पाठ केलेली प्रार्थना मनात आली आणि तिची मला किळस आली. म्हटलं, नावं घेऊ. एकेकाला देवापुढे उभं करू. थॉमस. टोप्पो. एक, दोन, तीन... सात झाली. पुढची दोन येईनात. चेहरे डोळ्यांपुढे येत होते. एक ठेंगणा, दाढीचे चार केस असलेला. एक सतत शीळ घालणारा. पण नावं नाहीत. रोज मी त्यांचा सलाम घेत होतो. डोक्याला हात लावून तिथे बसलो. माझ्या देवापुढे माझी दोन माणसं बिननावाची उभी होती, आणि देवाला नावं माहीत आहेत ही गोष्ट मला त्या क्षणी काही केल्या धीर देईना. नावं मी घेईन, हा शब्द माझा होता.

कारकुनाकडे यादी होती. पण मी लंगराकडे गेलो.

"तायडे, नऊ जणांची नावं सांग."

त्याने वर पाहिलं. त्याने एक टोमणा मारला असता तर मला फार बरं वाटलं असतं. पण त्याने सावकाश नऊ नावं सांगितली. मला न आठवलेली दोन होती लालमाविया आणि पीटर कुजूर. लालमावियाचं नाव घेताना तो थांबला. "गुडघ्याचं सांगतलं होतं ना साहेब, हवालदार साहेबाले?"

मी सांगितलं नव्हतं. माझ्या ते ध्यानातही राहिलं नव्हतं. मी नुसतीच मान हलवली. नाही म्हणून.

त्याने भट्टीकडे वळून जाळ मोठा केला.

"तू उंडे ठेवले नाहीस?" मी विचारलं.

"नाही. हुकूम होता. नावं मात्र घेतली मनातल्या मनात. त्याले कोणी मनाई केली नवती."

"ठेव आता."

"हुकूम?"

"माझा."

त्याने कणकेची परात माझ्यापुढे सरकवली. "तुमी करा. नावं तुमाले घ्याची हायेत."

मी बाह्या सारल्या. माझे उंडे वाकडेतिकडे झाले. प्रत्येकाला मी एक नाव दिलं, आणि त्या माणसाबद्दल मला काय माहीत आहे ते देवाला सांगायला लागलो. माझ्याजवळ सांगायला फार थोडं होतं. जिथे मी अडायचो तिथे तायडे शेजारून हळूच सांगायचा आणि मी ते पुढे म्हणायचो. नकळत मी वऱ्हाडीत बोलत होतो. माझी आई वारल्यापासून ती बोली माझ्या तोंडी आली नव्हती.

नऊ झाले. मग तायडेने हात पुढे करून दहावा उंडा वळला आणि कडेला ठेवला.

"नऊच आहेत रे," मी म्हणालो.

"हाव साहेब," तो म्हणाला, आणि फडकं झाकलं. माणूस घाबरला की मोजण्यात चुकतो, असं मी समजलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते आले. आठ चालत, एक खांद्यावर. लालमावियाचा गुडघा अर्ध्या वाटेत गेला होता, त्याला घेऊन चालता येईना म्हणून सगळ्यांनी एका कपारीत रात्र काढली होती. नऊच्या नऊ जिवंत होते. पण लालमावियाच्या डाव्या पायाची दोन बोटं बर्फाने खाल्ली, ती पुढे कापावी लागली. गस्त निघण्याआधी मी हवालदाराच्या कानात एक वाक्य सांगितलं असतं तर तो पोरगा हलक्या ओझ्याने, मधे चालत, वेळेत तळावर परत आला असता. देवाने नऊ जण परत दिले हे मी मानतो. ती दोन बोटं माझ्या खात्यावर आहेत हेही मानतो. ही दोन्ही वाक्यं मी रोज एकाच प्रार्थनेत म्हणतो.

तायडेने नऊ पोळ्या केल्या. दहावा उंडा फडक्याखाली तसाच राहिला. दुसऱ्या दिवसापासून लंगरातली जुनी रीत पुन्हा सुरू झाली. सुभेदार मेजरने काही विचारलं नाही. मी निरोपाआधी लंगरात जाऊन उभा राहायला लागलो, आणि जे ऐकलं ते हवालदाराला सांगायला लागलो. लोकांना वाटलं पाद्री सुधारला. सुधारलो नव्हतो. अजूनही जवान 'मेरा रखा?' हे त्यालाच विचारत होते, आणि अजूनही माझा जळफळाट होत होता. फक्त आता मी जळत जळत कामाचं काही करत होतो.

हा लेख मी आधी वेगळा लिहिला होता. त्यात 'नियमामुळे ती प्रथा काही दिवस बंद झाली' असं एक साळसूद वाक्य होतं. पाकिटावर पत्ता घातला आणि पाकीट तसंच राहिलं. मग गेल्या महिन्यात दोन एसट्या बदलून सोनाळ्याला गेलो.

तायडेचं घर गावाच्या टोकाला, मागे डोंगर. बायको शेतात गेली होती, तो अंगणात बसला होता. केस पिकलेत, हात तसेच. इकडचं तिकडचं झालं. लालमावियाचा नाताळला फोन येतो म्हणाला, दर वर्षी. मला कधी आला नाही. हे ऐकून इतक्या वर्षांनंतरही पोटात तीच जुनी कळ उठली. मग मी सांगून टाकलं.

"तायडे, तो हुकूम नियमाचा नव्हता. मीच सुभेदार मेजरकडे गेलो होतो. तुझा हेवा वाटत होता म्हणून."

"मले माहीत होतं."

"कोणी सांगितलं?"

"सांगाले कायले लागते? तुमी ताडपत्रीमागं उभे राहत होते ना, खालून तुमचे बूट दिसत. सगळ्या तळावर एवढे पॉलिश केलेले बूट कोणाचे होते? तुमी ऐकून राह्यले म्हून मी जरा मोठ्यानं म्हणत होतो. समजणारं एकटं माणूस होतं."

मी विचारलं, "तो दहावा उंडा कोणाचा होता?"

"तुमचा."

"मी तर तळावरच होतो."

"तळावर होते, पर बाहीर होते. वापस यायचे राह्यले होते." तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. "बसा. आता आले तं जेवून जा."

त्याने चूल पेटवली, कणीक मळली, एक उंडा वळला. पोळी तव्यावर टम्म फुगली. ती त्याने माझ्या ताटात टाकली, शेजारी वांग्याची भाजी वाढली, आणि हात जोडून माझ्याकडे पाहत थांबला. समोर पाद्री असला की जेवणाआधीची प्रार्थना पाद्रीच करतो. माझे ओठ सवयीने उघडलेही होते.

"तू कर," मी म्हणालो.

त्याने केली. दोन-तीन वाक्यांचीच, वऱ्हाडीत, माझं नाव घेऊन. मला त्याचा हेवा वाटलाच. पण पोळी गरम होती, आणि मला भूक लागली होती.